दहापैकी एक

“यंदा कुठला दरवाजा, राजा?” टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अवधूतनं विचारलं.

“तुझा केशरी संपला असेल तर सांग,” राजरत्न म्हणाला. “डबा आणून देतो.”

चहावाला हसला. ते दोघं हसले नाहीत.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एकाच इमारतीत दोघं वाढलेले. राजरत्न तिसऱ्या मजल्यावर, अवधूत पहिल्या. चाळीच्या ग्रुपनं भरवलेल्या ऑनलाइन फोटो स्पर्धांचा हिशेब साधा होता. स्पर्धा तीन, तिन्ही अवधूतच्या. त्याच्या फोटोत केशरी आभाळ, उडती कबुतरं आणि बोळकं पसरून हसणारी एखादी म्हातारी असायची. राजरत्नच्या फोटोत काळा-पांढरा दरवाजा असायचा, नाहीतर भिंत. माणूस नाहीच. लोक त्याला दहापैकी तीन देत. नातेवाईक चार.

ही स्पर्धा मात्र शेवटची होती. इमारत रिकामी होत चालली होती, लवकरच पाडली जाणार होती. जिंकलेला फोटो नव्या टॉवरमध्ये, लिफ्टसमोर, भिंतभर लागणार होता. राजरत्नचे आजोबा गिरणीतून सुटून हाच जिना चढत आले होते, अख्खा जन्म. त्या जिन्याची आठवण म्हणून अवधूतची कबुतरं लागणार, या विचारानं राजरत्नला जेवण जात नव्हतं.

नियम असे. निकालापर्यंत नावं झाकलेली. प्रत्येक रहिवाशानं आपला सोडून बाकी सगळ्या फोटोंना एक ते दहा गुण द्यायचे, खाली एक-दोन ओळी लिहायच्या. निकालाच्या दिवशी सगळं उघडं. फोटो कुणाचा, कुणी किती दिले, काय लिहिलं.

लोकांना श्रीखंड हवंय, मग आपणच किती दिवस कोरडी भाकरी वाढायची? राजरत्ननं एकदाचं ठरवलं.

“ही हिरवी नऊवारी मी लग्नाकार्याला नेसते,” चाळीतलीच दुर्गामावशी पटांगणात उभी राहून करवादली. “आणि तू मला कबुतरांत उभी करतोस?”

“हस ना, मावशी.”

“कशाला हसू? खोली चाललीय माझी.”

“नुसते दात दाखव.”

“आहेत ते दोनच.”

त्यानं मूठभर ज्वारी उधळली, मग टाळी वाजवली. कबुतरं उडाली. मावशी दचकली, आणि दचकलेली मावशी फोटोत हसल्यासारखी आली. घरी येऊन त्यानं कॉम्प्युटरवर आभाळाला आमरस फासला.

“कुणाला बोलायचं नाही हां,” त्यानं मावशीला बजावलं.

“मी कशाला बोलू? लाज मलाच.”

पाठवताना त्याचं बोट अडखळलं. पण पाठवला.

त्याच आठवड्यात अवधूत तिसऱ्या मजल्यावर दिसला, गळ्यात कॅमेरा.

“या बाजूच्या खोल्या खाली झाल्या काय रे?”

“टेहळणीला आलास?”

“तुझ्याकडं बघण्यासारखं काय आहे? भिंती?” असं म्हणत अवधूत पॅसेजमध्येच रेंगाळला. राजरत्ननं दार धाडकन लावून घेतलं.

बावीस फोटो आले. नवव्यात विसर्जनाची मिरवणूक होती. गुलाल इतका भडक की मोबाइल पुसावासा वाटावा. काढणारा कोण, ते राजरत्ननं लगेच ओळखलं. अवधूतच. एक गुण. खाली लिहिलं, “आंधळ्यानं काढलेला दिसतोय. कॅमेरा विकून रंगाचं दुकान टाक.”

सतरावा काळा-पांढरा होता. रिकामा पॅसेज, शेवटच्या दाराला कुलूप, बाहेर एक जोड चपला. बाकी काही नाही.

राजरत्न बराच वेळ बघत राहिला. हा त्यानं काढायला हवा होता. मग त्यानं हिशेब केला. असल्या फोटोला लोक काय देतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तीन. म्हणजे भीती नाही, मन मोठं करायला हरकत नाही. त्यानं दहा दिले आणि लिहिलं, “याला फोटो म्हणतात. अवधूतनं हा बघावा आणि कॅमेरा खाली ठेवावा.”

निकाल रविवारी लागला.

पहिला, सतरावा. त्या चपला ज्याला त्याला आपल्याच घरातल्या वाटल्या होत्या. दुर्गामावशीनंही त्याला दहा दिले होते. दुसरी आली मावशी स्वतः, कबुतरांसकट. फरक सहा गुणांचा.

सतराव्यापुढं नाव होतं अवधूतचं.

राजरत्ननं आपले दहा पुन्हा पाहिले. लोक त्याला देत आले तसे तीनच त्यानं दिले असते, तर एका गुणानं तो जिंकला असता.

नवव्या फोटोपुढं तळमजल्यावरच्या शामरावांचं नाव होतं. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्याच महिन्यात मोतीबिंदू काढलेले, जन्मात पहिल्यांदा स्पर्धेत उतरलेले. खाली राजरत्नचं नाव आणि त्याची ओळ, आता सगळ्यांसाठी उघडी. त्यानं घाईघाईनं स्क्रीन सरकवली.

शेवटी तो स्वतःच्या फोटोवर आला. आठ, नऊ, नऊ, दहा, आठ. मधेच एकुलता एक, एक. देणारा अवधूत. शिवी वाचायच्या तयारीनंच राजरत्ननं खालची ओळ उघडली.

“कबुतरं उडवली, आभाळ रंगवलं की फोटो होतो, असं मलाही वाटायचं. ज्यानं कुणी हा काढलाय, त्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या राजरत्नचे दरवाजे बघावेत. मी तिथंच शिकलो.”