डावीकडची ओढ

"आवाज नेमका कधी येतो?" मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवत विचारलं.

"खड्ड्यातून गेलं की," छोटी म्हणाली. "म्हणजे कधी कधी. गाडी विकायला काढलीय. बघायला आलेला माणूस म्हणाला, आधी हा आवाज घालवा."

"खड्ड्यात नाही येत." मागे उभी असलेली ताई पहिल्यांदाच बोलली. "जोरात ब्रेक दाबला की येतो. एकदाच. खट्ट. आणि स्टिअरिंग डावीकडे जातं."

मिस्त्रींनी वळून पाहिलं. "तुम्ही चालवता?"

"चालवायचे."

मागच्या वर्षी टेकडीच्या वळणावर ही गाडी भिंतीला धडकली, तेव्हा ताई चालवत होती आणि छोटी शेजारी बसली होती. छोटीचं मनगट मोडलं. स्टिअरिंग हातातून कुणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं, असं ताई सांगत राहिली. घरात तिला कुणी बोल लावला नाही. आईनं फक्त किल्ली उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. "हिला पहिल्यापासून वेगाची हौस," एवढंच ती मावशीला फोनवर म्हणाली, पण ताईला ऐकू जाईल अशा आवाजात. पत्रा सरळ झाला, फुटलेला दिवा बदलला. हळूहळू ताईनंही ओढल्याचं सांगणं सोडून दिलं. शाळेत शिकवायला ती बसने जाऊ लागली. गाडी छोटीकडे आली.

मिस्त्रींनी गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. प्रत्येक वेळी गाडी वर आली आणि गप्प बसली. "शॉकअप धडधाकट आहेत. दुखणं दुसरीकडे आहे," म्हणत ते स्वतः चालवायला बसले; दोघी मागे बसल्या. गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. खट्ट. गाडीनं डावीकडे मान वळवली.

"अगं बाई!" छोटी पुढच्या सीटला धरून ओरडली. "मी कधी एवढ्या जोरात दाबलाच नव्हता."

ताईचा उजवा पाय अजून पायाखालच्या पत्र्यावर दाबलेला होता.

परत गॅरेजमध्ये आल्यावर गाडी लिफ्टवर चढली. मिस्त्रींनी डाव्या चाकामागे पहार घालून जोर दिला, तसा एक लोखंडी दांडा खिळखिळ्या दातासारखा हलला.

"हा आर्म. चाकाला जागेवर धरून ठेवतो. याच्या टोकाला रबराचा बुश असतो, तो पार फाटलाय. ब्रेक दाबला की चाक मागे सरकतं आणि गाडी डावीकडे ओढते."

"धडकेत फाटला असेल," ताई म्हणाली. घाईघाईनं म्हणाली, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

मिस्त्रींनी टॉर्च तिच्या हातात दिला. "इथे बघा. धडकेत फाटला असता तर एका बाजूनं, एकदम फाटला असता. हा चहूबाजूंनी थोडा थोडा तुटत गेलाय. आणि लोखंड लोखंडाला घासून एवढी खोल खाच पडलीय. ही एका वर्षातली नाही. धडकेच्या कितीतरी आधीपासून हा असाच होता."

"म्हणजे गाडी खरंच ओढत होती?"

"ओढणारच. वळणावर ब्रेक दाबला असेल तर कुणाच्याही हातात राहिली नसती."

ताई शेजारच्या टायरवर खाली बसली. छोटी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही गुडघे धरून म्हणाली, "ताई, तू सांगत होतीस गं. सांगत होतीस तू."

ताईनं मान हलवली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता नाकातून पाणी आलं. मिस्त्री चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर निघून गेले.

गॅरेजच्या अंगणात विकायला ठेवलेली एक निळी हॅचबॅक उभी होती. बुटकी, रुंद चाकांची. छोटी आल्यापासून तिच्याभोवती घुटमळत होती. जुनीच्या जागी आईला मात्र उंच, मऊ, सोफ्यासारखी गाडी हवी होती.

"मालक परदेशी निघालेत. गाडी मी आतून-बाहेरून तपासलीय," मिस्त्री चहाचे कप ठेवत म्हणाले. "वळणावर रस्ता सोडत नाही. पण आधीच सांगतो, सस्पेन्शन कडक आहे. रोज चालवायची तर प्रत्येक खड्डा पाठीला कळेल."

"कळू दे," ताई म्हणाली. "कळलेलं बरं."

छोटीनं निळ्या गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली.

"मी?"

"मग कोण? माझं लायसन्स घरी राहिलंय." छोटी धडधडीत खोटं बोलली. गॅरेजपर्यंत जुनी गाडी तीच चालवत आली होती.

सुरुवातीला ताई इतकी सावकाश निघाली, की भाजीची पिशवी लावलेला एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. मग रस्ता मोकळा झाला. वळण आलं. ताईनं ब्रेक दाबला. गाडी जमिनीला चिकटून वळली आणि सरळ झाली. पुढच्या वळणावर तिनं वेग थोडा वाढवला. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी थोडा.

"पुरे गं, पोटातला चहा हिंदकळतोय," छोटी म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"कुठे आहात?" आईचा आवाज. "आणि हा घरघराट कसला? कोण चालवतंय?"

"मिस्त्रींकडची निळी गाडी बघतोय, घ्यायची का म्हणून. ताई चालवतेय."

पलीकडून श्वास ओढल्याचं ऐकू आलं.

"आई, ओरडू नकोस, आधी ऐक. मिस्त्रींनी आपली जुनी गाडी उघडून दाखवली. धडकली तेव्हा गाडीच ओढत होती. ताई खरं सांगत होती."

ताईनं गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"थोरलीला ऐकू जातंय का?" आईनं विचारलं.

"जातंय."

"मग तिला विचार," आई म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चिरकला, "त्या गाडीत मागे मला बसायला जागा आहे का."