माकडांचा उपद्रव

टीव्हीचा सिग्नल गेला म्हणून महिन्यात तिसऱ्यांदा डिश दुरुस्त करणारा दिवान बागेश्वराहून डोंगर चढून आला आणि दगडी छपरावरची डिश बघून वैतागला. "काकी, मागच्या खेपेला नट घट्ट आवळून गेलो होतो. परत कुणी फिरवली?"

"माकडं रे, दुसरं कोण!" शिडी धरून उभी असलेली जसुली म्हणाली.

त्याने डिश थोडी थोडी वळवली, तसा आतून म्हातारा ओरडला, "बस, बस! आता हलवू नकोस, चित्र आलं!"

"काकांचा आवाज अजून खणखणीत आहे, काकी," म्हणत दिवान हसत उतरला.

तो वळणाआड होताच जसुली पाना घेऊन शिडी चढली आणि तिने नट सैल केला.



वर्षापूर्वी वारलेला तिचा नवरा, कुणी डिश जुळवायला लागल्याशिवाय तोंड उघडत नसे.