कडेने धरावा

"काका, एक काय ते सांगा. मॅट की ग्लॉसी?"

वकीलबाई तिसऱ्यांदा विचारत होत्या. काउंटरच्या काचेवर एकाच फोटोच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्यांच्या वडिलांचा कृष्णधवल फोटो, अंगात वकिलीचा काळा कोट. उद्यापासून बाई वडिलांच्याच जुन्या ऑफिसात बसणार होत्या आणि त्याआधी फोटो भिंतीवर लागायला हवा होता.

फोटोवाल्या काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाच मिनिटांत चौथ्यांदा. एरवी या प्रश्नाला त्यांना पापणी लवायचाही वेळ लागत नसे. काळा रंग खोल हवा असेल तर ग्लॉसी, समोर खिडकी असेल तर मॅट, आणि गिऱ्हाईक हट्टी असेल तर ते म्हणेल ते. पण गेले चार महिने त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. जिकडे बघावं तिकडे हा आधी हजर. आत्ता तो फोटोतल्या वकिलांच्या तोंडावर बसला होता. डोळ्याच्या कडेने थोडी चमक दिसत होती, पण ती कागदाची की खालच्या काचेची, हे काही कळेना.

डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा. काकांनी हे मुलीपासून लपवलं होतं. तिला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना घरी बसवलं असतं, आणि घरी बसायची नुसती कल्पनाही त्यांना सहन होत नसे. प्रिंट हल्ली तीच काढायची. काकांकडे उरलं होतं ते शेवटचं बघणं. त्यांनी मान हलवल्याशिवाय दुकानातून एकही फोटो बाहेर जात नसे.

आत फोन वाजला. शेजारी बसलेली मुलगी उठून आत गेली आणि बाईही मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या. काकांनी पटकन एका प्रतीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. दुसरीवरून फिरवला. किंचित खरखरीत. हुश्श!

"मॅट घ्या," ते ठणकावून म्हणाले आणि खरखरीत प्रत पुढे सरकवली.

"पण आईच्या फोटोच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, मॅटवर काळा रंग मरतो. मग आता बाबांचा कोट मरू द्यायचा?"

"तुमच्या भिंतीसमोर खिडकी असेल..."

"नाही. खिडकी त्याच भिंतीला आहे."

काकांनी ड्रॉवर उघडला आणि लावला. त्यातलं त्यांना काहीच नको होतं. कोर्टातही बाई अशीच उलटतपासणी घेत असतील आणि समोरच्याला असाच घाम फुटत असेल. त्यांनी ड्रॉवर पुन्हा उघडला.

बाई ग्लॉसी प्रत घेऊन दाराच्या उजेडात गेल्या. "अहो, यावर तर कुणाचा तरी अंगठा उमटलाय. बरोब्बर कोटावर!"

काकांचा हात ड्रॉवरमध्येच राहिला. त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: 'फोटो कडेने धरावा'. सहा वर्षांची असताना मुलीने कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला बोट लावलं, तेव्हा काकांनी तिला या पाटीसमोर तासभर उभं केलं होतं. आणि आता चार महिने ते स्वतःच आल्यागेल्याच्या गळ्यात मॅट मारत होते. मॅटवर अंगठा दिसत नाही, एवढ्याचसाठी.

मुलगी बाहेर आली. बाईंच्या हातून तिने प्रत घेतली. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते काकांना दिसलं नाही. त्यांना दिसला करडा डाग आणि त्याभोवती तिचे केस.

"माझा आहे," ती म्हणाली. "सॉरी हं. दुसरी काढून देते."

"एवढा मोठा?" बाईंनी विचारलं. मग त्या परत येऊन बसल्या. "असू दे. थांबते मी."

आत मशीन घुरघुरू लागलं. काकांना हातांचं काय करावं ते सुचेना. काउंटरवर ठेवले, खिशात घातले, परत बाहेर काढले. मुलीने आपल्यासाठी खोटं बोलावं, आणि तेही वकिलासमोर, याची त्यांना मनस्वी लाज वाटत होती.

मुलगी नवी प्रत कडेने धरून घेऊन आली आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"बाबा, बघून घ्या," ती रोजच्यासारखं म्हणाली. मग आवाज खाली आणला. "कोट काळाभोर आलाय. कॉलर कोटात बुडालेली नाही, वेगळी दिसतेय. बटणं तीन, तिन्ही दिसतात. कानाजवळचे पांढरे केस एकेक मोजता येतील."

काकांनी हळूच विचारलं, "कधी कळलं तुला?"

"तुम्ही पहिल्यांदा उगाच मॅट म्हणालात तेव्हा."

त्यांनी नव्या प्रतीकडे बघितलं. तिथेही डागच होता.

"ओठ?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"काहीतरी बोलायला गेले आणि थांबले, असे."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान हलवली. "ग्लॉसीच घ्या, वकीलबाई."

"नक्की?"

"नक्की," काका म्हणाले. "हिने बघितलाय."