ओरिजिनल काच

"पप्पा, डोळे मिटा आणि हात पुढे करा," साक्षी म्हणाली. जीपला टेकून उभ्या असलेल्या पप्पांच्या मनगटावर तिने घड्याळ चढवलं.

त्यांचंच जुनं चावीचं घड्याळ, सकाळी उशीखालून गुपचूप उचललेलं. आता मात्र ओळखू येणार नाही असं. बाहेरची धातूची केस त्यांचीच, पण डायल भंगार बाजारात मिळालेल्या दुसऱ्या घड्याळाची आणि काटे तिसऱ्याचे. सगळं त्याच कंपनीचं, त्याच काळातलं. एकही पार्ट डुप्लिकेट नाही, हे सांगताना तिची मान जरा जास्तच ताठ झाली. आणि काच! वर्षभर ते घड्याळ बिनकाचेचं होतं. बसवून आणू का विचारलं की पप्पा म्हणायचे, राहू दे. ती काच शोधायला साक्षीने अख्ख्या नाशिकमधली घड्याळांची दुकानं पालथी घातली होती.

सुरगाण्याची शेवटची जीप भरली होती. स्टँडवर अंधार उतरत होता. खांबावरचा दिवा बंदच.

"निघायचं का मालक?" मागच्या सीटवरून गेणूबाबा म्हणाले. "घाटात लय अंधार व्हतो."

"घाट तोंडपाठ आहे बाबा मला," पप्पा म्हणाले. गाडीतले सगळे हसले.

"आधी किती वाजले ते सांगा," साक्षी म्हणाली. "नव्या घड्याळात बघून."

पप्पांनी मनगटाकडे बघितलंच नाही. त्यांचं बोट सवयीने घड्याळावर गेलं, काटे चाचपायला, आणि काचेवरून घसरलं. पुन्हा गेलं. पुन्हा घसरलं.

"वाजले असतील सहा-साडेसहा."

सात कधीच वाजून गेले होते. तेवढ्या अंधारातही साक्षीला काटे दिसत होते.

आवाज न करता ती बाजूला सरकली.

"भारी केलंस," पप्पा म्हणाले, ती आधी उभी होती तिथे बघून. "डोकं आहे माझ्या पोरीला."

"पप्पा, मी इकडे आहे."

त्यांची मान वळली. हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"संध्याकाळ झाली की होतं तसं," ते अगदी हळू बोलले. "दिवसा काही नाही. आणि रस्त्यावर हेडलाइट असतात ना. मम्मीला बोलू नको."

साक्षीने गाडीत बघितलं. गेणूबाबा. त्यांच्या खांद्यावर पेंगणारी म्हातारी. एका बाईच्या मांडीवर झोपलेलं बाळ.

"काच तेवढी काढून दे," पप्पा म्हणाले. "लवकर. माणसं खोळंबलीत."

साक्षीने ड्रायव्हरच्या खिडकीतून आत हात घातला आणि बाहेर काढला.

काचेची वाट न बघता पप्पा सीटवर चढले. दार ओढून घेतलं. स्टिअरिंगखाली त्यांचं बोट चाचपडत राहिलं.

"साक्षी, किल्ली कुठे पडली बघ गं जरा."

मागून गेणूबाबा पुढे वाकून बघू लागले. साक्षी खिडकीशी उभी होती, किल्ली त्यांच्या डोळ्यांसमोर धरून.