धवळेरीचा सत्कार

हॉलबाहेर उकळणारा चहा. फलकावर गेल्या वर्षीचीच तारीख. माइकची शिट्टी. यमूचं रिकामं कपाळ.

डोळखांबला महिला दिनाचा कार्यक्रम होता. शहापूरहून आलेल्या मॅडम भारावून बोलत होत्या, "शहरातल्या बायका आत्ता कुठे लग्न लावायला शिकतायत. तुमच्या पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या धवळेरीच धवळे गाऊन लग्न लावते. भटजी लागतच नाही!"

टाळ्या वाजल्या. यमूच्या खांद्यावर शाल आली.

"यमूताई, आता एक धवळा होऊन जाऊ द्या."

यमूनं माइक धरला. नवरा गेल्यापासून ती गायली नव्हती. तिनं डोळे मिटले, श्वास भरून घेतला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तिची सून संगीता धावत आली.

"आये, नको गो. माझ्या मनूच्या होनाऱ्या सासरची मानसं बसलीत. रांडवेचा धवळा कानावर पडला, तर उद्या पोरीला हळद लावू देनार नायत."

"तुला धवळा कोनी शिकवला?"

"तूच. म्हनून तर पाया पडते. दे तो माइक."

"अहो, गाऊ द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या.

मागून एक म्हातारी हसली. "मॅडम, नवरा असंल तवरच धवळेरी. तुमाला शाळेत नाय शिकवलं?"

बायका खदखदल्या. यमूनं माइक सुनेच्या हातात दिला आणि खाली येऊन बसली. संगीता छान गायली. मॅडमनी मोबाइलवर सगळं टिपलं.

यमू पहिल्यांदा धवळेरी म्हणून उभी राहिली, ती तिचा बाप वारला त्या वर्षी, आईच्या जागी.