तांदळाच्या डब्यातली बाटली

अक्षताचे कीर्तनकार सासरे आज मुलुंडला कीर्तनाला जाणार, म्हणूनच तिने ऑफिसातल्या साहेबांना घाटकोपरच्या घरी जेवायला बोलावलं होतं. साहेबांच्या आवडीची, थंड किनाऱ्यावरच्या द्राक्षांची, लाकडी पिंपात न मुरवलेली व्हाइट वाईन तिने तांदळाच्या डब्यात लपवली होती. आता डब्यात नुसते तांदूळ, साहेब तासाभरात दारात, आणि घरात कुणाला विचारायचीही चोरी. वैतागून तिने स्वयंपाकघरातला एकेक डबा, एकेक कपाट उपसलं.

तेवढ्यात सासरे ओल्या अंगाने बाथरूममधून बाहेर आले.

"तांदूळ घेताना हाताला लागली गं. फ्रिजमध्ये ठेवलीय, थंडच प्यायची असं मागे छापलंय. पुढच्या वेळी तूच ठेव, म्हणजे मला कीर्तनाआधी दुसऱ्यांदा आंघोळ नको."