पुन्हा कर!

लुळे पाय करंटनं हलवणारं यंत्र दवाखान्यातून आलं आणि आईची फिरकी घ्यायची त्याला हुक्की आली. चाकाच्या खुर्चीत त्यानं मांडीवर चिकटवलेल्या यंत्राच्या पट्ट्या शालीखाली लपवल्या आणि ती कपड्यांच्या घड्या घालत असताना बटण दाबलं. पाय ताडकन पुढे आला. “अगं बाई, हलला! पुन्हा कर!” तिचा चेहरा पाहून खरं सांगायला जीभ रेटेना. ती ‘पुन्हा’ म्हणत गेली, तो दाबत गेला. मग तिनं बाबांना ओढत आणलं. अपघाताच्या दिवशी गाडी तेच चालवत होते. तेव्हापासून या खोलीत फिरकले नव्हते. त्यांनी उकिडवं बसून टाच तळहातावर घेतली. “हलव, राजा.” त्यानं बटण दाबलं, करंट वाढवला. मांडी नुसतीच थरथरली. डॉक्टरांनी बजावलंच होतं, करंटनं स्नायू लवकर थकतात. “राहू दे,” बाबा म्हणाले, “दमला असशील. मी बसतो इथंच.”